वाचकांचे प्रश्न : कामाशिवाय हातात येणारा फोन

मोबाइलच्या वापराविषयी आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. फोन कायमचा कसा सोडावा, असे विचारणारी पत्रे जवळजवळ आलीच नाहीत आणि ते समजण्यासारखे आहे. २०२१ पासून पिकांची नोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर होते, २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते, मुलांचा गृहपाठ शाळेच्या ग्रुपवर येतो. फोनशिवाय खेड्यातही आता निभत नाही. वाचकांची अडचण निराळी आहे. कामासाठी उचललेला फोन काम झाले तरी खाली ठेवला जात नाही आणि पुष्कळदा काम नसतानाच तो हातात आलेला असतो. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आमच्याकडे शेतीपंपाला काही दिवस रात्रीची लाइन असते. हरभऱ्याला ओलित करायला रात्री वावरात जावे लागते, शिवाय रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यामुळे जागलही असते. पूर्वी शेजारच्या वावरातल्या मंडळींशी गप्पा होत, आता जो तो आपापल्या मचाणावर फोन पाहत बसलेला असतो. दहा मिनिटे म्हणून रील्स सुरू करतो आणि स्प्रिंकलरचे पाइप बदलायची वेळ निघून जाते. मुलाने इन्स्टाग्राम आणि यूट्यूबला रोज अर्ध्या अर्ध्या तासाचा टायमर लावून दिला आहे, पण तो संपला की मीच सेटिंगमध्ये जाऊन वाढवतो. माझा मनावर ताबाच नाही असे समजायचे का? — एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : तसे समजू नका. तुम्ही जे उघडता त्यात थांबण्याची जागाच ठेवलेली नाही. पूर्वी इंटरनेटवरचे एक पान संपले की पुढच्या पानासाठी बटण दाबावे लागे आणि त्या क्षणी ‘पुरे आता’ असे म्हणण्याची संधी मिळे. २००६ मध्ये आझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने खालून आपोआप वाढत जाणाऱ्या, कधीच न संपणाऱ्या पानाची रचना केली. पुढे तिचा जो वापर झाला, त्याबद्दल त्याने स्वतः जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. रील्स त्याच रचनेवर चालतात. त्यातच पुढचा व्हिडिओ कंटाळवाणा निघेल की मजेशीर, हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत असे दिसले होते, की किती वेळा कळ टोचल्यावर दाणा मिळेल याचा नेम नसला, तर कबुतर सर्वांत चिकाटीने टोचत राहते आणि दाणा बंद झाल्यावरही लवकर थांबत नाही. दिवसभर राबून रात्री एकट्याने जागणाऱ्या, अर्धवट झोपेत असलेल्या माणसाने दर अर्ध्या मिनिटाला नव्याने निग्रह करावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

टायमरचा दोष निराळा आहे. तुमच्या मुलाने लावलेला टायमर बहुधा अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’ या सोयीतील असावा; गूगलने ती २०१८ मध्ये आणली आणि आता बहुतेक फोनमध्ये ती आधीपासूनच असते. ठरवलेला वेळ संपला की अ‍ॅपचे चिन्ह राखाडी होते आणि मध्यरात्रीपर्यंत ते उघडत नाही. परंतु ज्याने कुलूप लावले त्याच्याच खिशात किल्ली राहते, हे तुम्ही अनुभवलेच आहे. दुसरी गोष्ट तुमच्या मुलाच्या लक्षात आली नसावी. हा हिशेब रात्री बारा वाजता नव्याने सुरू होतो, म्हणजे जागलीतला सर्वांत कंटाळवाणा काळ सुरू होतो त्याच वेळी तुम्हाला दोन्ही अ‍ॅपचा नवा अर्धा तास आयता मिळतो. दिवसा कामात असणाऱ्या आणि रात्री झोपणाऱ्या माणसासाठी ही सोय ठीक आहे, तुमच्यासाठी नाही.

म्हणून अडसर शेवटी न ठेवता दारातच ठेवावा. ‘वन सेक’ नावाचे अ‍ॅप आहे. तुम्ही इन्स्टाग्रामच्या चिन्हावर बोट ठेवले की ते आधी एक संथ श्वास घ्यायला लावते आणि मग खरोखर उघडायचे आहे का, असे विचारते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात त्याविषयी २८० वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३६ टक्के वेळा माणूस त्या एका थांब्यावरूनच परत फिरला आणि सहा आठवड्यांत अ‍ॅप उघडण्याचे प्रयत्नही ३७ टक्क्यांनी कमी झाले. अभ्यास करणाऱ्यांमध्ये ते अ‍ॅप तयार करणाराही होता, हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचावेत. तरीही तर्क पटण्यासारखा आहे. वावराच्या कडेच्या तारेत विजेचा हलका धक्का सोडणारे झटका मशीन रानडुकराला मारत नाही, तारेपाशी क्षणभर थांबवते आणि बहुतेक वेळा ते जनावर वळून जाते. या अ‍ॅपचेही काम तेवढेच. वन सेक मोफत वापरायचे तर एकाच अ‍ॅपला लावता येते. त्याच धर्तीचे ‘स्क्रीनझेन’ मोफत आहे आणि त्यात थांब्याचे सेकंद वाढवता येतात. मी तुमच्या जागी असते तर वीस सेकंद ठेवले असते, कारण थंडीत बोट बाहेर काढून वीस सेकंद वाट पाहणे कोणालाही नकोसे होते.

याहून कडक बंदोबस्त हवा असेल तर ‘अ‍ॅपब्लॉक’सारख्या अ‍ॅपमध्ये अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत निवडक अ‍ॅप उघडणारच नाहीत, अशी सोय आहे. त्याचा पिन मात्र मुलाने ठेवावा आणि तुम्हाला सांगू नये. वडिलांना पिन सांगायला नकार देणे मुलाला जड जाईल, तेव्हा तशी मुभा तुम्हीच त्याला चारचौघांत देऊन ठेवा.

रात्रीपुरता पडदा करडा करण्याचाही उपयोग होतो. बेडटाइम मोडमध्ये ‘ग्रेस्केल’ सुरू केले की सगळे चित्र काळे-पांढरे दिसते. अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच्या २०२० च्या एका अभ्यासात एवढ्याने रोजचा वापर सरासरी सुमारे ३८ मिनिटांनी घटला होता. दिवसा मात्र तो बंद करावा. हरभऱ्याच्या मर रोगाचा किंवा संत्र्याच्या पानाचा आलेला फोटो करड्या पडद्यावर पाहून कोणी फवारणी ठरवू नये.

पाइप बदलण्याच्या वेळेसाठी फोनचाच गजर लावा, म्हणजे वेळ पाहण्यासाठी फोन उघडण्याचे निमित्त उरणार नाही. साधे मनगटी घड्याळ असेल तर अधिक चांगले. जागे राहण्यासाठी काहीतरी हवे, हे मान्य आहे. कीर्तन, भारुड, मुलाखती, जे आवडते ते संध्याकाळीच घरून उतरवून घ्यावे आणि पडदा बंद ठेवून ऐकावे. कान गुंतले तरी डोळे मोकळे राहतात आणि रानात चाहूल लागली की कळते. शिवाय शेजारच्या मचाणावरचा माणूसही तुमच्याइतकाच कंटाळलेला असणार. रात्री एकदा त्याला हाक मारायला किंवा फोन लावायला हरकत काय आहे?

एक सावधगिरी. फोन शांत करण्याच्या भरात ‘दामिनी’ अ‍ॅपचा आवाज बंद करू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले हे अ‍ॅप आसपास वीज पडण्याची शक्यता असल्यास इशारा देते आणि आपल्याकडे हरभरा-गहू उभा असतानाही विजांसह अवकाळी पाऊस येतो. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावताना सूट दिलेल्या अ‍ॅपमध्ये दामिनी आणि सूट दिलेल्या नंबरांमध्ये घरचे नंबर घालावेत. इशारा मिळाल्यावर मचाणावरून किंवा झाडाखालून निघून पक्क्या छपराखाली जायचे असते, हे तुम्हाला सांगायला नकोच.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरची अंगणवाडीची नोंद, पर्यवेक्षिका मॅडमचे निरोप, बचत गट, गावाचा ग्रुप, माहेरचा ग्रुप असे सगळे एकाच फोनवर येते. टिंग वाजले की कामाचे असेल म्हणून पाहावे लागते. निघतो कोणाचा तरी शुभ सकाळचा फोटो, आणि मग मी स्टेटस पाहत बसते. फोन बंद ठेवला तर वरून बोलणी बसतात. — एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य नेमके आहे. तुम्ही फोन उचलता कामासाठीच. पण काम आणि शुभ सकाळ यांचा आवाज एकच असल्याने प्रत्येक वेळी पाहावे लागते. तेव्हा आवाज वेगळे करणे, हा पहिला उपाय. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पर्यवेक्षिकांच्या वैयक्तिक संदेशासाठी आणि कामाच्या ग्रुपसाठी निराळी धून लावता येते. उरलेले ग्रुप ‘म्यूट’ करताना आठ तास, एक आठवडा आणि नेहमीसाठी असे पर्याय दिसतात, त्यातला शेवटचा निवडावा. त्याहून चांगले म्हणजे ते ‘अर्काइव्ह’ करणे. अर्काइव्ह केलेला ग्रुप नवा संदेश आला तरी वरच्या यादीत परत येत नाही. तुमचे नाव घेऊन कोणी लिहिले किंवा तुमच्या संदेशाला उत्तर दिले तरच सूचना मिळते. ग्रुप सोडला असे कोणाला कळत नाही, त्यामुळे माहेरी रुसवाही होत नाही. फोटो व व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोयही बंद करावी. बोट ठेवल्याशिवाय फोटो दिसलाच नाही तर निम्मे फोटो तुम्ही उघडणारच नाही, आणि पोषण ट्रॅकरसाठी डेटा व फोनमधली जागा शिल्लक राहील, हा वरकड फायदा.

सगळ्याच सूचना बंद कराव्यात का, असा प्रश्न पुढे येतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना सूचना नेहमीसारख्या मिळत राहिल्या, काहींना दिवसातून तीनदा एकत्रित मिळाल्या आणि काहींना मुळीच मिळाल्या नाहीत. तीनदा मिळणाऱ्यांचे लक्ष कामात अधिक लागले आणि ताण कमी झाला. ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांना मात्र आपले काहीतरी सुटते आहे अशी हुरहुर वाढली. तुमच्यासाठी हाच मधला मार्ग बरा वाटतो. मुले येण्यापूर्वी, आहारवाटप झाल्यावर आणि संध्याकाळी, अशा तीन वेळा अर्काइव्हमधील ग्रुप पाहावेत.

वरून बसणाऱ्या बोलणीवर अ‍ॅप नाही. पुढच्या मासिक बैठकीत तुम्ही चार-पाच जणींनी मिळून एवढेच मांडावे, की तातडीचे काम असेल तर फोन करावा आणि कामाच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहावे. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्येच आहे. पर्यवेक्षिकांनाही शुभ सकाळचे फोटो नकोच असतील, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. घरात स्मार्टफोन एकच, त्याच्या वडिलांचा. गृहपाठ ग्रुपवर येतो म्हणून तो फोन घेतो आणि तास-दीड तास शॉर्ट्स पाहतो. हिसकावला तर जेवत नाही. आमच्याच तालुक्यातील बांशी गावाने मुलांना फोनबंदी केल्याचे वाचले होते. तसे आमच्या गावात करावे का? आणि फॅमिली लिंक नावाचे अ‍ॅप घेतले तर चालेल का? — एक आई, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : आधी अ‍ॅपचे सांगते, कारण त्यात निराशा आहे. गूगलचे फॅमिली लिंक चांगले आहे; मुलाने कोणते अ‍ॅप किती वेळ वापरावे, रात्री फोन केव्हा बंद व्हावा, हे त्यातून आईवडील ठरवू शकतात. पण ते गृहीत धरते की मुलाजवळ स्वतःचा फोन आणि स्वतःचे गूगल खाते आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत मुले वडिलांच्याच फोनवर, वडिलांच्याच खात्यावर असतात, तेथे ते गैरलागू ठरते. आणि केवळ फॅमिली लिंक वापरता यावे म्हणून मुलाला नवा फोन घेऊन देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एकाच फोनवर करता येण्याजोगे उपाय दोन आहेत. पहिला ‘अ‍ॅप पिनिंग’चा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ही सोय सापडते, काही कंपन्यांच्या फोनमध्ये तिचे नाव ‘स्क्रीन पिनिंग’ असे असते. ती सुरू करून व्हॉट्सअ‍ॅप किंवा गृहपाठाची पीडीएफ पडद्यावर पिन केली, की फोनचा पिन टाकल्याशिवाय दुसरे कोणतेही अ‍ॅप उघडता येत नाही. अनपिन करताना पिन मागण्याचा पर्याय तेवढा सुरू केलेला असावा. मुलाला तो पिन माहीत असणारच. तो बदलावा लागेल आणि वडिलांनी तो त्याच्यासमोर टाकू नये. पडद्यावर बोटाने काढायच्या नक्षीपेक्षा आकडी पिन बरा, कारण तिरप्या उजेडात नक्षीचा माग काचेवर दिसतो आणि आठवीतल्या मुलांना ही युक्ती ठाऊक असते.

दुसरा उपाय यूट्यूबचा. वडिलांच्या खात्यातील आजवरची पाहण्याची नोंद, म्हणजे ‘वॉच हिस्टरी’, पुसून टाकावी आणि ती ठेवणेच बंद करावे. २०२३ च्या ऑगस्टपासून यूट्यूबने असे केले आहे, की ही नोंद बंद असेल तर पहिल्या पानावर व्हिडिओंची रांग येत नाही, पान जवळजवळ कोरे राहते. गणिताच्या धड्याचे नाव टाइप करून शोधले तर धडा मिळतो, पण न मागता समोर काही येत नाही. वडिलांना त्यांच्या आवडीचे बाजारभावाचे चॅनेल शोधून पाहावे लागेल, म्हणून ते कुरकुरतील. तेवढे सोसावे.

आता बांशीविषयी. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तेथील ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला आणि त्याची चर्चा राज्यभर झाली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरी रीत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवले जातात. मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात किंवा बोलत बसतात. या दोहोंपैकी माझा कल वडगावच्या रीतीकडे आहे. कारण केवळ सौम्यपणाचे नाही. बंदीच्या ठरावात मोठी माणसे पहारेकरी होतात आणि मुले चोर. ठरलेल्या वेळेच्या नियमात बापाचा फोनही फळीवर ठेवला जातो, ‘सगळ्यांचा चालू आहे, माझाच का बंद’ हा मुलाचा बिनतोड प्रश्न उरत नाही आणि मित्रांपैकी कोणी त्या वेळी ऑनलाइन नसल्याने आपले काही चुकते आहे असेही त्याला वाटत नाही. शिवाय दीड तासाचा नियम मोडला गेला की लगेच दिसतो. चोवीस तासांची बंदी मोडली गेली तर ती घराच्या भिंतीआड मोडते आणि मग गावात सगळ्यांनाच खोटे बोलण्याची सवय लागते.

ग्रामसभेत विषय मांडायचा तर वेळ आपल्या गावाची पाहून ठरवावी. तुमच्याकडे तूर-कापसाच्या दिवसांत सातला माणसे वावरातून नुकती घरी येतात आणि चुलीपाशी गडबड असते, तेव्हा साडेसात ते नऊ अधिक चालेल असे वाटते. शाळेचा गृहपाठ त्याआधी, शक्यतो सहापर्यंत ग्रुपवर पडावा, असे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावे. नाहीतर पहिल्याच दिवशी ‘गृहपाठ पाहायचा आहे’ या कारणाने नियम फुटेल. आशाताई, पोलिस पाटील, बाळंतपणाची वेळ जवळ आलेले घर, यांना सूट उघडपणे द्यावी. सुरुवातीला कोणीतरी घरोघर फिरून आठवण करावी लागते, वडगावातही तसे करावे लागले होते.

ग्रामसभा होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या आणि शेजारच्या दोन घरांनी मिळून ही वेळ पाळायला ठरावाची गरज नाही. फोन हिसकावणे मात्र थांबवा. हातातून ओढून घेतलेल्या फोनचे भांडण होते. ‘हा संपला की ठेव’ असे आधी सांगून, समोर उभे राहून ठेवायला लावले तर होणारी कुरकुर सहन करण्याजोगी असते. जेवण नाकारले तर ताट झाकून ठेवावे आणि त्यावर चर्चा करू नये.

प्रश्न : मी पोलिस भरतीची तयारी करतो. तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो, पण नोट्स टेलिग्रामवर येतात. ‘फॉरेस्ट’ अ‍ॅप लावावे की सरळ कीपॅडचा फोन घ्यावा? — एक विद्यार्थी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : फॉरेस्टमध्ये तुम्ही ठरवाल तितक्या मिनिटांसाठी पडद्यावर एक रोप लावले जाते आणि मध्येच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलात तर ते वाळते. २०१४ पासून ते चालू आहे आणि अनेकांना आवडते. त्याचा उपयोग ज्याला अशा खेळाची हौस आहे त्याला होतो. ज्याला नाही त्याला चौथ्या दिवशी रोप वाळल्याचे काही वाटेनासे होते. तुम्ही कोणत्या जातीचे, हे आठवड्याभरात कळेल.

फोन कोठे ठेवला आहे, यानेही फरक पडतो. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये जवळजवळ ८०० जणांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत फोन बंद आवाजात टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी बुद्धीच्या चाचण्या अधिक चांगल्या सोडवल्या. पुढच्या काही प्रयोगांत हा फरक तितका दिसला नाही, त्यामुळे तो पक्का नियम मानू नये. पण फोन हाताशी नसेल तर तो नकळत उचलला जाणार नाही, याला प्रयोगाची गरज नाही.

म्हणून माझे मत कीपॅडच्या फोनकडे झुकते, मात्र स्मार्टफोन विकून नव्हे. भरतीचे अर्ज, प्रवेशपत्र, निकाल हे सगळे ऑनलाइन असते. स्मार्टफोन घरी राहू द्या आणि अभ्यासिकेत साधा फोन न्या. सिम त्यात घातले की घरचे फोन आणि ओटीपी दोन्ही येतात. टेलिग्रामवरच्या नोट्स रात्री घरी पाहून त्यांतल्या लागणाऱ्या तेवढ्याच छापून घ्याव्यात. छापायला पैसे पडतात म्हटल्यावर कोणत्या नोट्स खरोखर लागतात, याचा निवाडाही चटकन होतो. पहाटे धावायला जाताना गाणी ऐकण्यासाठी स्मार्टफोन नेत असाल तर तेवढ्यासाठीही साधा फोन पुरे. त्यात मेमरी कार्ड बसते.

प्रश्न : यजमान रात्री दोन-तीन वाजता उठून फोन पाहतात, दिवसा चिडचिड करतात, दुकानाकडे लक्ष नाही. याला व्यसन म्हणावे का? — एक वाचक भगिनी, ता. तुमसर, जि. भंडारा

उत्तर : पत्रावरून निदान करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, गेम खेळण्याच्या अनिवार ओढीची स्वतंत्र नोंद आहे. नुसत्या स्मार्टफोनच्या वापराची तशी नाही. परंतु आजाराचे नाव मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. झोप मोडते आहे आणि व्यवसाय बिघडतो आहे, एवढे मदत घेण्यास पुरेसे आहे. पुष्कळदा झोप आधी उडालेली असते आणि फोन नंतर हातात येतो. मागे कर्जाची काळजी किंवा उदासी असते. तेव्हा ‘फोन का पाहता’ ऐवजी ‘झोप का लागत नाही’ असे त्यांना विचारून पाहावे. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री मोफत बोलता येते, मराठीतही. त्यांनी नाही केला तर तुम्ही स्वतःही फोन करू शकता. पैशांचे गेम खेळत असावेत अशी शंका असेल तर बँकेचे खाते पुस्तक आधी भरून आणा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने असे खेळ चालवण्यास देशात बंदी आहे, तरी बेकायदा मार्गाने ते चालवणारे आहेत.

प्रश्न : फोनवर ताबा ठेवण्यासाठी म्हणून घेतलेल्या एका अ‍ॅपने ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली. मी फोनवरून पैशांचे व्यवहार करतो. परवानगी द्यावी का? — एक निवृत्त शिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : शंका रास्त आहे. इतर अ‍ॅपना अडवणारी अ‍ॅप साधारणपणे दोन परवानग्या मागतात. कोणते अ‍ॅप किती वेळ वापरले हे पाहण्याची पहिली परवानगी फारशी धोक्याची नाही. दुसरी, अ‍ॅक्सेसिबिलिटीची, मुळात दृष्टिहीन आणि अपंग वापरकर्त्यांच्या सोयीसाठी आहे. ती मिळाली की अ‍ॅपला पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचता येते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबता येतात. अडवणाऱ्या अ‍ॅपला तिची खरोखर गरज असू शकते, कारण इन्स्टाग्राम उघडले हे ओळखून मध्ये पडण्याचा तो एक मार्ग आहे. पण चोरट्या अ‍ॅपनाही नेमकी हीच परवानगी हवी असते.

त्यामुळे तुमच्यासारख्यांनी आधी फोनमध्ये असलेल्या डिजिटल वेलबीइंगमधील ‘फोकस मोड’ वापरून पाहावा. त्याला अशी परवानगी द्यावी लागत नाही आणि ठरवलेल्या वेळेत निवडलेली अ‍ॅप तो बंद ठेवतो. त्याने भागले नाही तरच बाहेरचे अ‍ॅप घ्यावे, तेही प्ले स्टोअरवरूनच आणि पुष्कळ वर्षे चालत आलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय थेट अ‍ॅप बसवणारी फाइल), मग ती पीएम किसानच्या नावाची असो, आरटीओच्या दंडाची असो की ‘मोबाइलची सवय सोडवा’ अशी असो, उघडू नये. तुम्ही घेतलेले अ‍ॅप प्ले स्टोअरबाहेरचे असेल तर सेटिंगमधील अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत जाऊन त्याची परवानगी आधी काढा, मग अ‍ॅप काढून टाका, आणि दुसऱ्या फोनवरून यूपीआयचा व बँकेचा पिन बदला. खात्यातून रक्कम गेलेली दिसली तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्यापूर्वी अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.